फोल्डर पाठवला, पोचला ढीग: बीटा ॲपमधून फाईल्स नेताना रचना मोडली तर

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय की नाही ते कळेल.

फोनमधून लॅपटॉपवर, किंवा जुन्या फोनमधून नव्या फोनवर, एक अख्खा फोल्डर पाठवला. ॲप बीटा आवृत्तीतलं, म्हणजे पक्कं होण्याआधी चाचणीसाठी दिलेलं. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, ‘पूर्ण झालं’ असा संदेशही आला. आणि पलीकडे उघडून बघितलं तर यांपैकी काहीतरी:

– आतले सगळे फोल्डर गायब, साऱ्या फाईल्स एकाच जागी सांडलेल्या.
– नावांमागे कंसात (१), (२), (३) लागलेले.
– फोल्डर आहेत, पण रिकामे. किंवा वरचा थर आलाय आणि आतला नाही.
– एकाच नावाचे दोन फोल्डर. डोळ्यांना तंतोतंत सारखे, निम्म्या फाईल्स एकात आणि निम्म्या दुसऱ्यात.
– नावात चौकोन, प्रश्नचिन्हं, टक्क्याची चिन्हं किंवा उलट्या तिरक्या रेघा.
– प्रत्येक फाईलवर आजची तारीख.
– फाईल्सची एकूण संख्याच कमी.

यातलं शेवटचं लक्षण तेवढं खरोखर घाबरण्यासारखं. बाकी नुसती कटकट आहे.

मी हे इतक्यांदा निस्तरलंय त्याचं कारण आमचा उद्योग. आम्ही चार-पाच जण जुने दिवाळी अंक आणि घरोघरच्या ट्रंकांमधले कागद स्कॅन करतो. ज्याच्या त्याच्या फोनवर पानांचे फोटो निघतात आणि महिन्याकाठी सगळं एका लॅपटॉपवर गोळा होतं. वर्ष, त्यात अंक, त्यात पानं, एवढीच रचना. प्रत्येक अंकाची पानं ००१ पासून सुरू होतात. म्हणजे पन्नास अंक असतील तर ००१ नावाच्या पन्नास फाईल्स, आणि त्यांना एकमेकींपासून वेगळं ठेवते ती फक्त त्यांची जागा. मुखपृष्ठ बघून वर्ष सांगता येतं हो, पण सत्त्याऐंशीव्या पानावर वर्ष कोण छापतं? त्यामुळे ‘दादा, पोचलंय सगळं, पण एकत्र सांडलंय’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुझ्या फोनमधलं अजून पुसलं नाहीस ना?

काहीही करण्याआधी हे करू नका

मूळ फोनमधलं पुसू नका. हे सगळ्यांना कळतं, तरीही ‘जागा भरली होती’ म्हणून दर तिसऱ्या वेळी कोणीतरी पुसलेलं असतंच.

त्याच ठिकाणी पुन्हा पाठवू नका. पहिल्या खेपेत वाचलेल्या फाईल्सवर दुसरी खेप चढते. दुसरी खेप करायचीच तर नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये.

आणि बीटा ॲप काढून पुन्हा टाकू नका. हा सल्ला जो तो देतो आणि इथे तोच सगळ्यात धोक्याचा आहे. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला स्वतःची एक खासगी जागा असते (‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या आतला ‘डेटा’). आलेल्या फाईल्स तिथे पडल्या असतील, तर ॲप काढताच त्याही जातात. सेटिंगमधलं ‘डेटा पुसा’ हे बटणसुद्धा त्याच माळेतलं. ‘कॅशे पुसा’ (ॲपच्या तात्पुरत्या फाईल्स पुसणं) वेगळं आहे, त्याने सहसा काही बिघडत नाही.

असं होतंच का

फोल्डर ही फाईलच्या आत लिहिलेली गोष्ट नाही. पत्र आणि पाकीट यांच्यासारखं आहे हे: पत्ता पाकिटावर असतो, पत्रात नाही. नेणाऱ्या ॲपने प्रत्येक फाईलसोबत तिचा पूर्ण मार्ग वेगळा लिहून न्यायचा आणि पलीकडे तो वाचून फोल्डर उभे करायचे असतात. पक्क्या आवृत्तीत ही वाट हजारो लोकांनी तुडवलेली असते. बीटामध्ये बहुतेक जण चार फोटो पाठवून बघतात; तीन थर खोल, मराठी नावांचा, सातशे फाईल्सचा फोल्डर पाठवणारे आपण पहिलेच असू शकतो. म्हणजे पाकिटं फोडून नुसती पत्रं हातात ठेवल्यासारखं होतं. मजकूर शाबूत, कोणाचं कुठलं ते कळत नाही.

आता तपासण्या. सोप्यापासून अवघडाकडे जातोय. मधल्या कुठल्याही पायरीवर उत्तर सापडलं तर पुढचं वाचू नका.

१. गॅलरीत बघू नका, फाईल मॅनेजरमध्ये बघा

फुकट, अर्ध्या मिनिटाचं काम. गॅलरी थर दाखवत नाही. फोटो ज्या शेवटच्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या नावाने अल्बम करते आणि सगळे अल्बम एका रांगेत मांडते. ‘१९७२’ आणि ‘१९७३’ या दोन्हींत ‘दिवाळी’ असेल, तर ‘दिवाळी’ नावाचे दोन अल्बम दिसतात आणि माणूस समजतो रचना मोडली. मोडलेली नसते.

आयफोनवरून आणत असाल तर उलटं: तिथले अल्बम मुळात फोल्डरच नसतात. फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये सरसकट राहतात आणि अल्बम ही फोटो ॲपने ठेवलेली यादी असते. केबल लावून कॉपी केलं तर ती यादी येणार नाही. यात बीटाचा काही दोष नाही.

२. मोजा

दोन्ही बाजूंना फोल्डरवर राइट क्लिक करून (फोनवर ‘तपशील’ उघडून) फाईल्सची संख्या, फोल्डरांची संख्या आणि एकूण आकार कागदावर लिहा. विंडोजमध्ये ‘साइझ’ बघा, ‘साइझ ऑन डिस्क’ नको. दुसरा आकडा डिस्कच्या मांडणीप्रमाणे बदलतो आणि उगीच घाबरवतो.

ही पायरी लोक टाळतात, पण निदान बहुतेक इथेच होतं. संख्या सारखी, फोल्डर शून्य: फक्त रचना गेलीय, माल सुखरूप. संख्या थोडी कमी: काही फाईल्स नावामुळे किंवा परवानगीमुळे अडल्यात. आणि तीन अंक, प्रत्येकी साधारण दीडशे पानं, पण पोचल्या दीडशेच फाईल्स: म्हणजे एकावर एक चढल्यात. ००१ वर ००१, तिच्यावर पुन्हा ००१. पलीकडे राहिला तो फक्त शेवटचा अंक. मूळ फोन शाबूत असेल तर शांतपणे पुढे जा. नसेल तर थेट शेवटच्या भागाकडे.

फोल्डर कमी पण फाईल्स बरोबर असं निघालं, तर रिकामे फोल्डर तपासा. पुष्कळ ॲप फक्त फाईल्स नेतात. ज्यात काही नाही तो फोल्डर त्यांच्या लेखी नसतोच.

३. पाठवताना काय निवडलं होतं ते आठवा

गॅलरीत शंभर फोटो निवडून ‘शेअर’ दाबलं, की पुढच्या ॲपच्या हातात शंभर फाईल्सची नुसती यादी पडते. त्या कुठून उचलल्या हे त्या यादीत नसतं, मग ते ॲप तरी रचना कुठून आणणार? बीटा ॲप स्वतः उघडा, त्यात ‘फोल्डर पाठवा’ असा पर्याय आहे का पाहा आणि सगळ्यात वरचा एकच फोल्डर निवडा. आमच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटल्या. पाठवणारा शपथेवर सांगतो की फोल्डरच पाठवला होता; दोनदा खोदून विचारलं की ‘सगळे सिलेक्ट केले’ असं बाहेर येतं.

४. फोन बंद करून चालू करा

हसू नका. केबलने जोडलेला फोन लॅपटॉपला एमटीपी पद्धतीने फाईल्स दाखवतो आणि ती यादी फोनच्या स्वतःच्या नोंदवहीवर बेतलेली असते. नुकत्याच आलेल्या फाईल्स त्या वहीत चढलेल्या नसल्या, तर फोनवर दिसणारा फोल्डर लॅपटॉपवर रिकामा दिसतो. रीस्टार्ट केलं की नोंद पुन्हा होते.

५. दोन्हीकडची आवृत्ती

फोनवर बीटा आणि लॅपटॉपवर चार महिन्यांपूर्वीची पक्की आवृत्ती, हे फार वेळा सापडतं. बीटाने मार्ग लिहायची नवी पद्धत आणली असेल आणि पलीकडच्याला ती वाचता येत नसेल, तर तो फाईल ठेवून घेतो आणि न कळलेला भाग सोडून देतो. दोन्हीकडे एकच आवृत्ती करा. बीटा तर दोन्हीकडे बीटा. ॲपची माहिती उघडून पूर्ण क्रमांक लिहून ठेवा, पुढे लागतो. फक्त अपडेट करा, काढून टाकू नका.

६. परवानगी

२०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून ॲपला फोनची सगळी साठवण सहज उघडता येत नाही. ते तुम्हाला ‘फोल्डर निवडा’ म्हणतं, पण अंतर्गत साठवणीचं मूळ किंवा अख्खा ‘डाउनलोड’ फोल्डर तिथे निवडताच येत नाही. मग लोक कंटाळून आतल्या फाईल्स निवडतात, आणि पुन्हा तिसरी पायरी. उपाय सोपा आहे: ‘स्कॅन’ नावाचा वेगळा फोल्डर करा, सगळं त्यात हलवा आणि तो निवडा.

अँड्रॉइड १३ पासून फोटो-व्हिडिओची परवानगी वेगळी झाली. तेवढीच दिली असेल तर त्याच फोल्डरमधल्या पीडीएफ आणि टिपणांच्या फाईल्स ॲपला दिसतच नाहीत. अँड्रॉइड १४ मध्ये ‘निवडक फोटो’ हा पर्याय आला. घाईत तो दाबला गेला तर फोल्डरमधले थोडेच फोटो जातात. संख्या थोडी कमी भरण्याचं हे नेहमीचं कारण.

७. नावं

इथे जरा थांबूया, कारण इंग्रजीतून लिहिलेल्या मदतपानांवर हे सापडत नाही आणि आपल्याला त्रास सगळ्यात जास्त याचाच होतो.

पहिलं, चालत नाहीत ती चिन्हं. विंडोज \ / : * ? " < > | ही चिन्हं नावात घेत नाही. मॅकवर मात्र ‘१९७१/७२’ असं नाव देता येतं. पलीकडे गेल्यावर त्या तिरक्या रेघेचं काय करायचं हे ॲपच्या मर्जीवर: कोणी तिथे अंडरस्कोर घालतं, कोणी ‘१९७१’ फोल्डर आणि त्यात ‘७२’ असा भलताच थर उभा करतं.

दुसरं, शेवटचा पूर्णविराम. ‘पत्रे, पावत्या इ.’ हे किती साधं मराठी नाव! विंडोज फोल्डरच्या नावाच्या शेवटचं टिंब आणि शेवटची मोकळी जागा दोन्ही गाळतं. ॲप मग टिंबासकटच्या नावाचा फोल्डर शोधत बसतं, तो सापडत नाही, आणि आतला माल बाहेर ठेवून मोकळं होतं. ‘इ.’, ‘वगैरे.’, ‘जि.’ यांनी नाव संपवू नका.

तिसरं, लांबी. विंडोजमध्ये एका नावाला साधारण २५५ चिन्हं चालतात, अँड्रॉइडमध्ये २५५ बाइट (बाइट हे साठवणीचं माप). वाचायला सारखं वाटतं, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘महाराष्ट्र’ या शब्दाची दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. म्हणजे फोनवर मराठी नाव ८५ चिन्हांत आटपायला हवं. आमच्या एका काकांनी फोल्डरला अंकाचं, संपादकांचं आणि देणगीदाराचं अशी तीन नावं एकत्र दिली होती. लॅपटॉपवर तो फोल्डर वर्षभर सुखाने नांदला आणि फोनवर जाताना फुटला. शिवाय विंडोजमधल्या बऱ्याच प्रोग्रॅमना सगळे थर धरून पूर्ण मार्ग २६० चिन्हांच्या आत लागतो. म्हणून पलीकडे फाईल्स ‘डेस्कटॉप’वरच्या चौथ्या थरात नको, थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी उतरवा.

चौथं, एकसारखे दिसणारे दोन फोल्डर. यात मी एक अख्खी दुपार घालवलीय. नाव होतं ‘कऱ्हाड’. त्यातला अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो: काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात, काही ‘र’ला हलन्त लावून मागे न दिसणारा जोडक घालतात, आणि काही प्रणाली त्या ‘ऱ’चे ‘र’ आणि नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवतात. डोळ्यांना एकच, संगणकाला वेगवेगळी नावं. ‘ॲ’चंही तेच: कोणी एक अक्षर लिहितं, कोणी ‘अ’वर चंद्र ठेवतं. दोघांनी दोन कळफलकांवर एकाच गावाचा फोल्डर केला, की लॅपटॉपवर दोन कऱ्हाड. उपाय म्हणजे एका फोल्डरचं नाव कॉपी करून दुसऱ्याच्या नावावर चिकटवायचं. विंडोज ‘एकत्र करू का’ असं विचारेल, पण आधी आत ००१ दोन्हीकडे नाहीत ना ते बघा. आमच्याकडे आता नियमच आहे: फोल्डरची नावं एकाने करायची, बाकीच्यांनी कॉपी करायची.

८. छोटा फोल्डर पाठवून बघा

इथवर काही सापडलं नाही, तर खरा माल बाजूला ठेवा आणि दहा मिनिटांत एक चाचणीचा फोल्डर करा. तीन थर. दोन वेगळ्या फोल्डरांत ००१ नावाच्या दोन वेगळ्या फाईल्स. एक रिकामा फोल्डर. एक मराठी नाव, एक इंग्रजी. एक पीडीएफ. पाठवा आणि पलीकडे काय पोचलं ते टिपा. मग फक्त इंग्रजी नावांचा पाठवा. तो नीट गेला तर दोष नावात. तोही सांडला तर ॲपमध्ये.

ॲपमध्येच निघाला, तर हाच फोल्डर बीटाच्या अभिप्राय-खिडकीतून बनवणाऱ्यांना पाठवा, सोबत दोन्हीकडच्या आवृत्त्या आणि आधी-नंतरचे स्क्रीनशॉट. लोकांच्या घरचे कागद मात्र नमुना म्हणून पाठवू नका. ‘फोल्डर जात नाहीत’ एवढ्या एका ओळीवर कोणालाही काही करता येत नाही.

९. झिप करून पाठवा

दोष कोणाचाही असो, बहुतेक वेळा यानेच काम निघतं. झिप म्हणजे अनेक फाईल्सचं एकाच फाईलमध्ये बांधलेलं गाठोडं, आणि त्याच्या आत प्रत्येक फाईलचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. ॲपला ती एकच फाईल दिसते. त्याने ती नुसती उचलून न्यायची. पत्ता पाकिटावर न ठेवता पत्रातच लिहिला म्हणा.

पण यातही खड्डे आहेत. पेनड्राइव्हने नेणार असाल आणि तो फॅट३२ या जुन्या मांडणीचा असेल, तर त्यावर ४ जीबीची फाईल मावत नाही. वर्षवार झिप करा किंवा ड्राइव्ह एक्सफॅट या नव्या मांडणीचा करून घ्या (त्याने तो पुसला जातो, आधी रिकामा करा). झिपमध्ये नावं यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) आहेत असं सांगायची सोय २००६ पासून आहे, तरी जुनी साधनं ती वापरत नाहीत आणि मराठी नावांचा चिवडा होतो. सेव्हन-झिप नावाच्या प्रोग्रॅमने पुन्हा उघडून बघा. आणि उघडल्यावर फोल्डरच न होता ‘१९७२\दिवाळी\००१’ असं लांबलचक फाईलचं नाव दिसलं, तर खूश व्हा. झिप करणाऱ्याने उलटी रेघ लिहिली, एवढंच. रचना हरवलेली नाही, नावातच आहे. विंडोजवर तीच झिप उघडली की बहुधा फोल्डर परत उभे राहतात.

झिप उघडून, मोजून, मधली चार पानं डोळ्यांनी बघून मगच मूळ पुसायचा विचार करा.

१०. बीटा सोडा

त्याआधी ॲपच्या खासगी जागेतलं सगळं बाहेर काढा. मग ॲप स्टोअरमधल्या त्याच्या पानावर बीटामधून बाहेर पडा, ॲप काढा, थोडा वेळ थांबून पक्की आवृत्ती घ्या. बीटाने ठेवलेली यादी आणि सेटिंग पक्क्या आवृत्तीला वाचता येतीलच असं नाही, म्हणून ही पायरी इतकी खाली ठेवलीय.

मूळ गेलंय, ढीग उरलाय

फाईल्स आहेत, रचना नाही, फोन रिकामा. हाताने रचावं लागेल, पण अगदी आंधळेपणाने नाही. विंडोजमध्ये ‘डेट टेकन’ हा रकाना चालू करा. फाईलची तारीख आजची झाली तरी कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली वेळ बहुधा टिकते (चॅट ॲपमधून फोटो म्हणून गेला असेल तर मात्र बहुतेक पुसली जाते). एक अंक संपवून दुसरा हातात घेईपर्यंत चार-पाच मिनिटं जातात. वेळेने रांग लावली की ती भोकं स्पष्ट दिसतात, आणि तिथे कापलं की अंक सुटे होतात.

कंसातल्या आकड्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. (१) म्हणजे दुसरा अंक, (२) म्हणजे तिसरा, असं वाटतं. पण दुसऱ्या अंकात ०३७ हे पान फाटलेलं असेल, तर ०३७ (१) हे तिसऱ्या अंकाचं निघतं. मी एकदा या हिशोबाने सगळं लावून वर चहा पिऊन आलो होतो.

इथे थांबा

मूळही पुसलंय आणि पलीकडे फाईल्स एकावर एक चढल्यात, अशी वेळ असेल तर स्वतः काही करायचं नाही. एसडी कार्डावर होतं? कार्ड काढा आणि त्यावर एक अक्षरही लिहू नका. पुसलेल्या फाईल्स वरून काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा शिल्लक असतात. फोनच्या अंतर्गत साठवणीत होतं, तर आशा फार कमी: आजचे फोन ती कूटबद्ध ठेवतात आणि पुसलेली जागा स्वतःहून मोकळी करतात. ‘शंभर टक्के परत आणतो’ म्हणणाऱ्या ॲपला पैसे देऊ नका, आणि ते त्याच फोनवर तर मुळीच टाकू नका. लॅपटॉपच्या एसएसडीचं (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं) साधारण तेच.

संगणक ‘कार्ड फॉरमॅट करू का’ असं विचारत असेल, हार्ड डिस्क टकटक वाजत असेल किंवा मध्येच दिसेनाशी होत असेल, तर वीज बंद करून सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे. दुसऱ्याचे कागद असतील, जमिनीचे उतारे, मृत्युपत्र, एकुलती एक प्रत, तर याआधीच जा. नुसती तपासणी करायचे किती आणि काहीच न सापडल्यास किती, हे आधी विचारा. काय झालं ते लपवू नका: कधी पुसलं, त्यानंतर फोन किती वापरला, कुठलं सॉफ्टवेअर चालवून बघितलं. आणि सापडलेलं सगळं वेगळ्या डिस्कवर घ्या, त्याच कार्डावर नको.